पाळी आली, पण बीज सुटलं का? पीसीओएस असताना आयुर्वेदाची मदत घेण्याची सुरुवात

पीसीओएसचं (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन बिघडून अंडाशयातून बीज नियमित न सुटण्याचं दुखणं) निदान झालं की घरात दोन मोहिमा एकदम सुरू होतात. एकीकडे सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गोळ्या. दुसरीकडे मावशीच्या ओळखीचे वैद्य, शेजारच्या काकूंचा काढा आणि ‘अमकीला याच चूर्णाने दिवस राहिले’ ही खात्री. मी दोन्ही मोहिमा केल्या. पहिल्या वर्षीची माझी चूक आधी सांगून टाकते. औषधाने पाळी आली की मी कॅलेंडरवर लाल गोल करायचे आणि उपचार लागू पडतोय म्हणून खूश व्हायचे. बीज सुटतंय का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पाळी आणता येते, तरी बीज सुटलेलं नसू शकतं. दिवस राहायचे तर बीज सुटावं लागतं. त्यामुळे खालची प्रत्येक पायरी याच एका प्रश्नाला धरून वाचा.

त्या गाठी नाहीत

रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ लिहिलेलं असतं म्हणून सगळे ‘अंडाशयावर गाठी आहेत’ म्हणतात. दर चक्रात अंडाशयात बऱ्याच बीजपुटिका (बीज असलेल्या छोट्या पिशव्या) वाढायला लागतात, त्यातली एक पुढे निघते आणि फुटून बीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ही वाढ मध्येच अडते. अर्धवट वाढलेल्या पुटिका तशाच राहतात आणि सोनोग्राफीत मण्यांसारख्या दिसतात. ‘तीन महिन्यांत गाठी विरघळवून देतो’ म्हणणाऱ्याला मुळात दुखणंच कळलेलं नाही, असं समजायला हरकत नाही.

निदान नुसत्या सोनोग्राफीवर होत नाही. २००३ साली ठरलेल्या रॉटरडॅम निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: बीज न सुटणं किंवा अनियमित सुटणं, पुरुषी हार्मोन जास्त असण्याची लक्षणं (हनुवटीवर केस, हट्टी मुरुमं) किंवा रक्तात त्यांचं वाढलेलं प्रमाण, आणि सोनोग्राफीतलं ते चित्र. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हार्मोन) अशी दुसरी कारणं आधी बाजूला काढायची असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या साधारण दहातल्या एका बाईला हा त्रास असतो. बऱ्याच जणींमध्ये मुळाशी इन्सुलिनचा घोळ असतो. शरीर त्याला नीट दाद देत नाही, मग ते जास्त तयार होतं आणि जास्तीचं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी हार्मोन वाढवायला लावतं. सडपातळ बायकांनाही पीसीओएस होतो, तेव्हा ‘वजन कमी कर, सगळं आपोआप होईल’ हे प्रत्येकीला लागू नाही.

आयुर्वेदात याला एकच एक नाव नाही. वैद्य कधी नष्टार्तव (पाळी न येणं) म्हणतील, कधी आर्तवक्षय (पाळी कमी किंवा उशिरा येणं). काश्यपसंहिता या जुन्या आयुर्वेद ग्रंथात पुष्पघ्नी नावाचा प्रकार आहे. पाळी येते पण फळ धरत नाही, आणि गाल भरलेले, केसाळ. हे वाचून पहिल्यांदा अंगावर काटा आला होता, इतकं ते ओळखीचं वाटलं. पण तिथे पाळी ‘वेळेवर’ येते असं म्हटलंय आणि आपल्यापैकी बहुतेकींचं दुखणं नेमकं तिथेच आहे. ओढूनताणून जुळवण्यात अर्थ नाही. उपचार ठरतो तो नावावर नाही, तर कफ आणि मेद (चरबी) वाढलेत का, आम (नीट न पचलेला अन्नरस) साठलाय का, आर्तववह स्रोतसांत (पाळी आणि बीजाच्या मार्गांत) अडथळा आहे का, अपान वायूची (ओटीपोटातल्या, खाली वाहणाऱ्या वायूची) गती बिघडलीय का, यावर. म्हणून एकाच रिपोर्टच्या दोघींना वैद्य वेगवेगळी औषधं देतात. मैत्रिणीची चिठ्ठी उचलून घ्यायची नाही ती याचमुळे.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती सुश्रुताची चौकट: ऋतू, क्षेत्र, अंबु, बीज. पेरणीसारखंच. योग्य वेळ, कसदार जमीन म्हणजे गर्भाशय, पाणी म्हणजे पोषण, आणि बीज. यातलं बीज एकटीचं नसतं, हे घरातल्यांना या चार शब्दांनी जेवढं पटकन पटलं तेवढं डॉक्टरांच्या समजावण्यानेही पटलं नव्हतं.

पहिली पायरी: औषधाआधी तपासण्या

थायरॉइडसाठी टीएसएच, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), आणि शक्यतो ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी. रुबेलाची लस झाली आहे का तेही पाहून घ्या. नवऱ्याची वीर्यतपासणी याच आठवड्यात, दोन ते पाच दिवसांच्या संयमानंतर. ती ‘नंतर बघू’ म्हणून ढकलली जाते आणि बायको दोन वर्षं काढे पीत बसते. तपासणी स्वस्त आहे, सुई टोचायची नाही, तरीही नवऱ्याला तयार करायला सर्वांत जास्त वेळ लागतो. त्या वेळेचा हिशेब आधीच धरा.

आणि एक नियम फ्रिजवर चिकटवून ठेवा: पाळी चुकली आणि ती आणण्याचं काहीही घ्यायचं असेल, काढा असो, वटी असो की हार्मोनची गोळी, तर आधी घरी गरोदरपणाची तपासणी. अनियमित पाळीवालीला दिवस राहिल्याचं सगळ्यात उशिरा कळतं.

दुसरी पायरी: मुदत ठरवा

वय ३५ च्या आत असेल तर साधारण एक वर्ष आणि ३५ नंतर सहा महिने प्रयत्न करून तज्ज्ञांकडे जावं, असा सर्वसाधारण नियम. पण पाळी दोन-दोन महिने येतच नसेल तर वर्षभर थांबायचंच नाही, आधी जायचं. नुसत्या आयुर्वेदिक उपचाराला वेळ द्यायचा असेल तर तीन ते सहा महिने द्या आणि ती तारीख वहीत लिहा. तीन महिन्यांमागे कारण आहे. पुटिका आणि शुक्रजंतू, दोन्ही तयार व्हायला साधारण तेवढाच काळ लागतो. चाळिशीकडे झुकलेलीने मात्र अशी स्वतंत्र मुदत घेण्याऐवजी दोन्ही उपचार बरोबरीने सुरू करावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

तीन महिन्यांहून जास्त काळ पाळीच आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. मूल हवं असो वा नसो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचंच.

तिसरी पायरी: वैद्य कसे निवडायचे

बी.ए.एम.एस. पदवी आणि राज्याच्या परिषदेची नोंदणी हवी. महाराष्ट्रात ती महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. त्यापुढे ‘स्त्रीरोग व प्रसूतितंत्र’ विषयात एम.एस. केलेले वैद्य मिळाले तर उत्तम. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपणार नसेल तर सरकारी आयुर्वेद महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. मुंबईत वरळीचं पोदार, शिवाय नागपूर, नांदेड, धाराशिव. तिथे रांग असते आणि विद्यार्थ्यांना तेच तेच सांगावं लागतं, पण प्रकृती, कोठा, झोप, भूक असं तासभर विचारणारं कुणी भेटतं तेही तिथेच.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारा. औषधात धातूंचं भस्म किंवा पारा आहे का? दिवस राहिले तर यातलं लगेच काय बंद करायचं? बीज सुटल्याचं आपण कशावरून तपासणार? तिसऱ्या प्रश्नावर ‘पाळी येईल ना नियमित’ एवढंच उत्तर आलं तर मी दुसरे वैद्य शोधेन.

उठून यावं अशा जागाही आहेत. लेबल नसलेल्या पुड्या, ‘शंभर टक्के गॅरंटी’, आधीच्या सगळ्या गोळ्या फेकून द्यायचा हट्ट. वंध्यत्व बरं करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे, तरी रिक्षांच्या मागे ती दिसतेच. ‘मुलगाच होईल’ असं औषध देणाऱ्याकडे तर पायही ठेवू नका.

चौथी पायरी: ताट

इथे आयुर्वेद आणि आजचं वैद्यक जवळजवळ एकच बोलतात, त्यामुळे पैसा आणि जीव इथे लावा. वजन जास्त असेल तर त्याचे ५ ते १० टक्के उतरले तरी बऱ्याच जणींचं बीज सुटायला लागतं. म्हणजे ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. ‘पंचवीस किलो उतरव, मग ये’ असं ऐकून रडत घरी येण्याचं कारण नाही.

वैद्य कफ-मेद वाढवणारं टाळा म्हणतात: मैदा, गोडधोड, जड दही, तळण, दुपारची झोप, जेवणावर जेवण. आपल्या स्वयंपाकघरात त्याचं भाषांतर सोपं आहे. गव्हाच्या चार पोळ्यांऐवजी ज्वारी-बाजरीची एक-दोन भाकरी. मुगाची उसळ, कुळथाचं पिठलं, पालेभाजी ताटात आधी आणि भरपूर. दुपारी पातळ ताक, जिरेपूड घालून. जवस-तिळाची चटणी. सकाळी नुसते पोहे खायचे तर त्यात मटार-मोड घाला, नाहीतर मुगाचं धिरडं करा. चहाबरोबरची बिस्किटं गेली तरी महिन्याभरात फरक जाणवतो. मला पहिल्यांदा जाणवला तो झोपेत, वजनात नंतर.

सगळ्यात अवघड गोष्ट उपवास. सोमवार, चतुर्थी, श्रावण, मुलासाठी बोललेला एखादा नवस. आणि ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर गोड केळं. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. उपवास सोडायची माझी तयारी नव्हती, म्हणून मी पदार्थ बदलले: राजगिऱ्याची भाकरी, भोपळ्याचं भरीत, शेंगदाण्याची आमटी आणि भगर थोडीच. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, पुढच्या वर्षी त्यांनीच आमटी केली.

‘औषधी’ गोडाचंही पाहा. बाजारातल्या शतावरी कल्पात बहुतांश साखरच असते. ते दोन-दोन चमचे दुधातून दोन वेळा घेऊन आपण इन्सुलिनशीच भांडण मांडतो. वैद्यांनी शतावरी सांगितली असेल तर साधं चूर्ण मिळेल का विचारा. आसव-अरिष्टांतही गूळ असतो, आणि आंबवताना तयार झालेला अल्कोहोल बाटलीवर लिहिलेला असतो.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं, बोलताना दम लागेल असं चालणं, त्यात दोन दिवस थोडं वजन उचलणं. झोप अकराच्या आत. याबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नाही.

पाचवी पायरी: औषधांची नावं ओळखा

डोस मी मुद्दामच देत नाही, तो वैद्यांनीच ठरवायचा. पण चिठ्ठीवरचं नाव कशासाठी आहे हे आपल्याला कळायला हवं.

कांचनार गुग्गुळ, त्रिफळा, वरुण ही कफ-मेदावरची. शतावरी, शतपुष्पा (म्हणजे आपली बाळंतशोपा) आणि फलघृत (औषधी तूप) ही बीज आणि क्षेत्राच्या बळासाठी. काश्यपसंहितेत शतपुष्पा आणि शतावरी यांच्यावर स्वतंत्र अध्यायच आहे. रजःप्रवर्तनी वटी ही नावाप्रमाणे पाळी आणणारी, तिच्यात कोरफडीचा एळवा, हिंग, कासीस, टंकण असतं. ती बीज सोडवत नाही. माझे लाल गोल तिचेच होते. अशोकारिष्ट हे परंपरेने जास्त रक्तस्रावावरचं औषध आहे. ‘स्त्रियांचं टॉनिक’ म्हणून जाहिरात पाहून, दोन महिन्यांनी चार थेंब पाळी येणारीने ते पिणं हा उलटा कारभार. आरोग्यवर्धिनीत पारा, गंधक आणि ताम्रभस्म असतं, तेव्हा चान्स घेत असताना ती कुणाच्या सांगण्यावरून सहज सुरू करायची गोळी नाही.

या औषधांवर अभ्यास झालेत, पण बहुतेक लहान आहेत. मोठ्या चाचण्यांनी ‘यांनी बाळं जन्मली’ असं सिद्ध केलेलं नाही. मला त्यांचा फायदा झाला असं वाटतं, पण त्याच महिन्यांत मी भाकरीवर आले होते आणि रोज टेकडी चढत होते, त्यामुळे श्रेय कुणाचं हे मी सांगू शकत नाही.

धातूंची भीती खरी आहे. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं वाढलेलं आढळलं, कारण भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधं. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचतं. परदेशातल्या मुलीसाठी बॅगेत लाडवांच्या डब्याशेजारी पुड्या ठेवणाऱ्या आयांनी हे दोनदा वाचावं. चान्स घेताना फक्त वनस्पतींचं, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत छापलेलं औषध घ्यायचं. बरेच महिने औषध चालणार असेल तर मधे एकदा यकृताची रक्ततपासणीही करून घ्या.

सहावी पायरी: पंचकर्म, पण केव्हा

वमन (औषधाने उलटी) वसंतात, बस्ती (औषधी एनिमा) पावसाळ्यात, विरेचन (औषधाने जुलाब) शरदात, हा ऋतूंचा हिशेब. आधी पाचन, मग तीन ते सात दिवस वाढत्या मात्रेने तूप, मग अभ्यंग-स्वेदन (तेल लावून शेक), मुख्य कर्म, आणि नंतर पेज, विलेपी (घट्ट पेज), मुगाचं कढण असा हळूहळू जेवणावर येण्याचा संसर्जन क्रम. पंधरा दिवस सहज जातात, म्हणून शनिवार-रविवारच्या ‘डिटॉक्स पॅकेज’ला पंचकर्म म्हणू नये. त्या महिन्यात चान्स घेऊ नका, निरोध वापरा, आणि सुरुवातीच्या दिवशी गरोदरपणाची तपासणी करून घ्या. उत्तरबस्तीत औषध थेट गर्भाशयात सोडतात. ते पाळी संपल्यावर, संसर्ग नाही याची खात्री करून, निर्जंतुक व्यवस्थेत आणि त्यातल्या तज्ज्ञ वैद्यांकडूनच.

सातवी पायरी: बीज कधी सुटतं ते पकडा

ग्रंथांतला ऋतुकाल (गर्भ राहण्याचे दिवस) पाळीपासून बारा रात्रींचा, काही ठिकाणी सोळा. २८ दिवसांच्या चक्राला तो बरोबर बसतो. पण बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ साधारण चौदा दिवसांचा असतो, लांबतो तो आधीचा भाग. म्हणजे चाळीस दिवसांनी पाळी येणारीचं बीज सव्विसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. बारा रात्री मोजून ती थकून जाते आणि खरी वेळ आली की दोघं पाठ फिरवून झोपतात. ऋतुकाल मोजायचा तो आपल्या शरीराच्या घड्याळाने.

योनीतला स्राव पाहा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला जाणारा झाला की ते दिवस आले. दिवसाआड संबंध पुरे, रोजची हजेरी नको. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी तापमान घ्या. बीज सुटल्यावर ते साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने चढून तिथेच राहतं. हे नंतर कळतं, पण दोन-तीन चक्रांत नमुना दिसतो. दुकानातल्या ओव्ह्युलेशन किटवरच (बीज सुटणार हे लघवीतून सांगणाऱ्या पट्टीवरच) सगळी भिस्त ठेवू नका. ती जे एलएच हार्मोन मोजते ते पीसीओएसमध्ये मुळातच चढं असू शकतं, त्यामुळे दुसरी रेघ रोज गडद दिसते आणि आशा लावून जाते.

पक्कं कळायला प्रोजेस्टेरॉनची (बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनची) तपासणी, पुढच्या पाळीच्या अंदाजे सात दिवस आधी. सगळ्यांना सरसकट ‘एकविसाव्या दिवशी’ सांगतात. चाळीस दिवसांचं चक्र असलेलीला एकविसाव्या दिवशी तपासलं तर कमीच येणार, ती तेहतिसाव्याला करायची. नाहीतर सरळ फॉलिक्युलर स्टडीच्या, म्हणजे पुटिकेची वाढ पाहणाऱ्या, सोनोग्राफ्या.

गणपतीत, पूजेला, लग्नात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या या महिन्यांत घेऊ नका. सगळी नोंद विस्कटते. घरी सांगणं कठीण असतं हे माहीत आहे. मी ‘डॉक्टरांनी मनाई केलीय’ एवढंच सांगितलं, आणि ते खरंही होतं.

आठवी पायरी: मुदत संपली तर

वहीतली तारीख आली आणि बीज सुटत नसेल, तर लेट्रोझोल ही गोळी. बीज सुटण्यासाठी आज पहिली पसंती हीच. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७५० बायकांवरच्या चाचणीत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्क्यांना बाळ झालं, जुन्या क्लोमिफेनवर १९.१ टक्क्यांना. यात आयुर्वेद हरला असं काही नाही. तयार केलेलं क्षेत्र कामालाच येतं. मात्र दोन्ही डॉक्टरांना दुसरीकडची चिठ्ठी दाखवा. मेटफॉर्मिन (साखर-इन्सुलिनवरची गोळी) चालू असताना मेथी, दालचिनी, गुडमार यांचा मारा केला तर साखर खाली येऊ शकते. गुग्गुळाचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणून थायरॉइडची गोळी चालू असेल तर तेही सांगा.

दोन रेघा आल्यावर

फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, हे खरं तर चान्स घ्यायला लागण्याच्या किमान महिनाभर आधीपासून हवं. वजन बरंच जास्त किंवा मधुमेह असेल तर मात्रा डॉक्टर वाढवतात. तपासणी होकारार्थी आली की त्याच दिवशी गुग्गुळाचे कल्प, कोरफड-एळवा, कुटकी, रेचक चूर्णं, अश्वगंधा, भस्मं बंद, आणि वैद्यांना फोन. मेटफॉर्मिन किंवा प्रोजेस्टेरॉन मात्र मनाने थांबवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं. पीसीओएसवालीला गरोदरपणातला मधुमेह होण्याची शक्यता जास्त असते, म्हणून पहिल्याच भेटीत साखरेची तपासणी मागून घ्या.

त्या भेटीला जाताना आत्तापर्यंत घेतलेल्या प्रत्येक बाटलीच्या आणि डबीच्या लेबलाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दोन्ही बाजूंचा. माझ्या कपाटात सात निघाल्या. त्यातल्या दोन कुणी दिल्या होत्या हे मलाही आठवलं नाही.